लाइन सरकवली तर हरकत मिटते का?

तुझा प्रश्न असा होता: बाल्टिक समुद्रातल्या नॉर्ड स्ट्रीम वायुवाहिनीला पर्यावरणाच्या नावाने एवढा विरोध झाला, तो खरा होता की राजकारणाने घेतलेलं सोंग? आणि उद्या आपल्याकडे तुर्कमेनिस्तानातून निघणारी ‘तापी’ वायुवाहिनी आली तर असंच होईल का? एम.ए.च्या निबंधासाठी हवंय, काका, दोन पानांत द्या, असंही लिहिलंस. दोन पानांत बसणार नाही. काय ठेवायचं आणि काय कापायचं ते तूच बघ.

मी राजकारण शिकलेला माणूस नाही. माझी एकतीस वर्षं वायुवाहिन्या टाकण्यात आणि सांभाळण्यात गेली, त्यातली निम्मी बडोद्याच्या आसपास. म्हणून सुरुवात बाल्टिकपासून करत नाही, बडोद्याजवळच्या पादरा तालुक्यापासून करतो.

आपल्याकडे लाइन टाकायची तर १९६२ चा कायदा लागतो. पेट्रोलियम आणि खनिज वाहिन्यांसाठी जमिनीत वापराचा हक्क मिळवण्याचा कायदा. यात शेतकऱ्याची जमीन जात नाही. सातबारावर नाव त्याचंच राहतं. पण त्या पट्ट्यावर त्याला घर बांधता येत नाही, विहीर खणता येत नाही, झाड लावता येत नाही. मोबदला म्हणून पिकाची नुकसानभरपाई आणि जमिनीच्या बाजारभावाच्या १० टक्के. कलम ३ ची अधिसूचना निघाली की २१ दिवसांत हरकत नोंदवायची आणि सक्षम अधिकाऱ्यापुढे सुनावणी व्हायची. सक्षम अधिकारी म्हणजे इंग्रजीत कॉम्पिटंट ऑथॉरिटी, म्हणून साइटवर आम्ही त्यांना नुसतं ‘सी.ए. साहेब’ म्हणायचो.

पादरा तालुक्यातल्या एका गावी अशा सुनावणीला मी कंपनीच्या बाजूने बसलो होतो. एक म्हातारी बाई आल्या. म्हणाल्या, साहेब, तुमची लाइन माझ्या विहिरीला चिकटून जाते, जरा खसेडो. नकाशा पाहिला, खरंच जात होती. आम्ही लाइन बारा मीटर सरकवली. बाईंनी अंगठा उठवून हरकत मागे घेतली आणि वर टोपलीभर वांगी पाठवली.

त्याच दिवशी दुसरा एक शेतकरी होता, शिकलेला, टापटीप. त्याची हरकत टाइप केलेली तीन पानी होती. वायूच्या उष्णतेने जमीन नापीक होईल, भूजल बिघडेल, पक्षी येणार नाहीत. आम्ही तीन पर्यायी मार्ग दाखवले, त्यातला एक तर त्याच्या शेताला शिवतही नव्हता. तिन्ही नाकारले. दुपारी बाहेर चहाच्या टपरीवर तो स्वतःच बोलला. सातबारावर नाव एकट्या थोरल्या भावाचं होतं. नोटीस भावाच्या नावाने निघाली, चेकही भावाच्याच नावाने निघणार. वाटणीचा दावा कोर्टात पडून होता आणि ही सरकारी नोटीस भावाच्या मालकीचा आणखी एक पुरावा ठरेल, ही त्याची धास्ती. पण त्या सुनावणीत मालकीचा वाद ऐकतच नाहीत. तिथे ऐकतात फक्त लाइनबद्दल. म्हणून त्याने भावाचं भांडण पक्ष्यांच्या भाषेत लिहून आणलं होतं.

तेव्हापासून हरकत समोर आली की मी मनात एकच विचारतो: लाइन सरकवली तर ही मिटते का? मिटत असेल तर हरकत लाइनला आहे. मिटत नसेल तर ती दुसऱ्याच कशाला तरी आहे आणि लाइन फक्त निमित्त आहे. एक मात्र लक्षात ठेव. दुसऱ्या प्रकारचा माणूस खोटारडा असतोच असं नाही. जी खिडकी उघडी असते तिच्यातूनच त्याला अर्ज टाकावा लागतो.

आता बाल्टिकला चल.

नॉर्ड स्ट्रीम १ म्हणजे रशियातल्या व्हिबोर्गपासून जर्मनीतल्या लुबमिनपर्यंत १,२२४ किलोमीटर, शेजारी शेजारी दोन लाइनी, मिळून वर्षाला ५५ अब्ज घनमीटर वायू. करार २००५ चा, गेऱ्हार्ड श्र्योडर जर्मनीचे चॅन्सेलर असताना. पद सुटल्यावर काही महिन्यांतच ते त्याच कंपनीच्या भागधारक समितीचे अध्यक्ष झाले. पहिली लाइन नोव्हेंबर २०११ मध्ये सुरू झाली. नॉर्ड स्ट्रीम २ तेवढ्याच क्षमतेची, जवळजवळ तोच मार्ग. सप्टेंबर २०२१ मध्ये पूर्ण झाली आणि तिच्यातून एक घनमीटरही विकला गेला नाही.

जमिनीवरून वायू आधीच जात होता, युक्रेनमधून आणि पोलंडमधून. जानेवारी २००९ मध्ये रशिया-युक्रेनचं बिलावरून भांडण झालं आणि ऐन थंडीत जवळपास दोन आठवडे युक्रेनमार्गे युरोपकडे जाणारा वायू बंद पडला. रशिया आणि जर्मनी म्हणाले, मधले देश भरवशाचे नाहीत, समुद्रातून थेट जाऊ. मधले देश म्हणाले, आमच्या हातातला व्हॉल्व्ह काढून घेण्यासाठीच हे चाललंय. पोलंडचे तेव्हाचे संरक्षणमंत्री राडोस्लाव सिकोर्स्की यांनी २००६ मध्ये या कराराची तुलना थेट १९३९ च्या हिटलर-स्टालिन कराराशी केली. या हरकतीला माझी कसोटी लाव. लाइन कुठेही सरकवा, पोलंडचं समाधान होणार नव्हतं. एकच मार्ग त्यांना चालला असता, तो म्हणजे त्यांच्या जमिनीवरून जाणारा.

मग हे सगळं मासे, सील आणि गाळ यांच्या भाषेत का बोललं गेलं? उत्तर समुद्राच्या कायद्यात आहे आणि तुझ्या निबंधाचा कणा तोच असावा असं मला वाटतं. संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याच्या कराराचं कलम ७९ वाच. किनाऱ्यालगतच्या बारा सागरी मैलांत देश मालक असतो, तिथे तो सरळ नाही म्हणू शकतो. त्यापलीकडच्या खंडमंचावर, म्हणजे किनाऱ्यापासून समुद्राखाली पसरत गेलेल्या जमिनीवर, मात्र कोणत्याही देशाला वाहिनी टाकायचा हक्क आहे. किनारी देशाला तिथे मुख्यतः दोनच गोष्टींत बोलता येतं: लाइन कोणत्या मार्गाने जाईल आणि तिच्यातून होणारं प्रदूषण कसं टाळायचं. ‘तुमच्यामुळे माझी सुरक्षा धोक्यात येते’ असं लिहायला त्या फॉर्मवर रकानाच नाही. पादऱ्याच्या सुनावणीत मालकीचा रकाना नव्हता, तसंच हे.

डेन्मार्कने काय केलं ते बघ. दुसऱ्या लाइनीचा अर्ज २०१७ मध्ये त्यांच्याकडे गेला. पहिला मार्ग बॉर्नहोम बेटाजवळ, डॅनिश सागरी हद्दीतून. डेन्मार्कने वर्षअखेरीस नवा कायदा केला, की हद्दीतल्या वाहिनीला परराष्ट्र आणि सुरक्षा धोरणाच्या कारणानेही नकार देता येईल. म्हणजे त्यांनी सरळ फॉर्मवर नवा रकानाच छापून घेतला. पण तो वापरला नाही, अर्जावर निर्णयही दिला नाही. फाइल तशीच पडून राहिली. (आपल्या कचेऱ्यांना नावं ठेवताना हे आठवत जा.) शेवटी कंपनीने हद्दीतला अर्ज मागे घेतला आणि बॉर्नहोमच्या आग्नेयेकडून, हद्दीबाहेरून जाणाऱ्या मार्गाला ऑक्टोबर २०१९ च्या अखेरीस परवानगी मिळाली. एव्हाना अडीच वर्षं गेली होती. डिसेंबरमध्ये अमेरिकेने खोल पाण्यात पाइप टाकणाऱ्या जहाजांवर निर्बंध आणले आणि काम करणारं मोठं जहाज दुसऱ्याच दिवशी थांबलं. डेन्मार्कने मार्गावर लावलेला तो वेळ नसता, तर लाइन बहुधा निर्बंधांच्या आधीच पुरी झाली असती. आमच्या धंद्यात नकारापेक्षा उशीर महाग पडतो. जहाजाचं रोजचं भाडं कुणासाठी थांबत नाही.

स्वीडनची गोष्ट इंजिनियर म्हणून मला जास्त आवडते. पहिल्या लाइनीच्या मूळ आराखड्यात गोटलँड बेटाजवळ समुद्रात देखभालीचा एक प्लॅटफॉर्म होता. स्वीडनमध्ये ओरड झाली, काही समुद्री जीवांसाठी, काही त्यावर रशियन कान बसतील या भीतीने. २००८ मध्ये कंपनीने तो वगळला. कागदावर एक चौकोन पुसला आणि पूर्ण लाइनीत मध्ये काहीच उरलं नाही. सगळा दाब सुरुवातीलाच द्यायचा. व्हिबोर्गजवळच्या पोर्तोवायाला २२० बार, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे २२० पट, दाबाने वायू आत ढकलायचा आणि तो १,२२४ किलोमीटर वाटेत एकही कॉम्प्रेसर न लागता जर्मनीत पोहोचला पाहिजे. जमिनीवरच्या आमच्या मोठ्या लाइनी ९० बारच्या आसपास चालतात, आणि तेवढ्यावरही व्हॉल्व्ह उघडताना माणूस सावध असतो.

म्हणून पर्यावरणाच्या हरकती सोंग होत्या असं समजू नकोस. दुसऱ्या महायुद्धानंतर दोस्तांनी जप्त केलेला रासायनिक दारूगोळा बाल्टिकमध्ये बुडवला, किमान ४०,००० टन, त्यातला मोठा भाग बॉर्नहोमच्या पूर्वेला. फिनलंडच्या आखातात दोन्ही महायुद्धांचे सुरुंग पडलेले. लाइनच्या वाटेतले बहुतेक सुरुंग स्फोट करूनच काढावे लागतात आणि बाल्टिकमधल्या पोर्पॉइजची, म्हणजे डॉल्फिनसारख्या छोट्या समुद्री प्राण्यांची, संख्या उरलीय काहीशे. या हरकतींवर उपाय सापडले: मार्ग वळवला, कामाचे महिने बदलले, स्फोटाआधी आवाज करून प्राण्यांना दूर हाकललं. पुरे होते की नव्हते, यावर वाद होऊ शकतो. पण या म्हातारीच्या विहिरीच्या जातीच्या हरकती होत्या, सरकवल्यावर बऱ्याच मिटणाऱ्या. रशियात मात्र दुसऱ्या लाइनीने कुर्गाल्स्की हा संरक्षित पाणथळ भाग चिरला, तिथे मार्ग सरकला नाही. हरकत घेणारे तिथेही होते. त्यांचं ऐकणारं फारसं कुणी नव्हतं.

सोंगाचा खरा नमुना हवा असेल तर तो विरोधकांकडे शोधू नकोस, समर्थकांकडे मिळेल. जिथे लाइन किनाऱ्याला लागते त्या मेक्लेनबुर्ग-फोरपोमर्न राज्याने जानेवारी २०२१ मध्ये एक प्रतिष्ठान काढलं, नाव ‘हवामान आणि पर्यावरण संवर्धन’. राज्याने दिले २ लाख युरो. लाइनच्या कंपनीने दिले २ कोटी. प्रतिष्ठानाच्या नियमावलीत तरतूद अशी, की ते लाइन पूर्ण करण्यासाठी व्यवसायही करू शकेल, म्हणजे अमेरिकन निर्बंधांच्या भीतीने ज्या कंपन्या माल विकत नव्हत्या त्यांचा माल हे मधे राहून घेईल. झाडं लावायच्या पाटीखाली पाइपलाइनचं सामान. पादऱ्याच्या त्या टापटीप शेतकऱ्यालाही हे सुचलं नसतं.

शेवट कसा झाला तेही याच चालीने. नोव्हेंबर २०२१ मध्ये जर्मन नियामकाने दुसऱ्या लाइनीच्या प्रमाणपत्राची प्रक्रिया तात्पुरती थांबवली. कारण काय, तर कंपनी स्वित्झर्लंडमधल्या त्सुगची, जर्मन कायद्याखालची नाही. कागदाचं कारण. २२ फेब्रुवारी २०२२ ला, युद्ध सुरू व्हायच्या दोन दिवस आधी, तेव्हाचे जर्मन चॅन्सेलर ओलाफ शोल्त्झ यांनी ती प्रक्रिया थांबवली तेव्हा मात्र कारण उघड राजकीय होतं. सोळा वर्षांनी कुणीतरी खरा रकाना भरला.

त्यानंतर २६ सप्टेंबर २०२२. बॉर्नहोमजवळ समुद्रतळाशी स्फोट झाले आणि दोन्ही नॉर्ड स्ट्रीमच्या मिळून चारपैकी तीन लाइनी फुटल्या. कुणी केलं यावर मी बोलणार नाही. स्वीडन आणि डेन्मार्कने फेब्रुवारी २०२४ मध्ये तपास बंद केले, जर्मनीचा तपास युक्रेनी संशयितांपर्यंत गेला आहे, त्यांचं त्यांचं चालू दे. मला बोलायचंय ते वायूबद्दल.

तुझ्या मैत्रिणीला पडलेला प्रश्न अगदी योग्य आहे: जी लाइन कधी चालूच झाली नाही, तिच्यातून वायू आला कुठून? लाइन चालवायची नसली तरी ती भरून ठेवावी लागते, आम्ही त्याला लाइनपॅक म्हणतो. नॉर्ड स्ट्रीम २ च्या प्रत्येक लाइनीत १७.७ कोटी घनमीटर भरून ठेवलेला होता. त्या रात्री नियंत्रण कक्षात एका लाइनीचा दाब १०५ बारवरून ७ बारवर आला. हा ७ चा आकडा वाचला आणि मी खुर्चीत सावरून बसलो. तिथे पाणी सत्तर-ऐंशी मीटर खोल. दर दहा मीटर पाण्याला एक बार. म्हणजे बाहेरच्या समुद्राच्या दाबाइतका दाब आत उरला होता आणि तेवढ्यावरच येऊन थांबला होता. लाइन नुसती गळत नव्हती, पार उघडी पडली होती.

जमिनीवर हे असं होत नाही. आपल्याकडे लोकवस्तीप्रमाणे दर ३२, २४, १६ किंवा ८ किलोमीटरला सेक्शन व्हॉल्व्ह लागतो. फुटलं तर दोन व्हॉल्व्हमधला वायू जातो, बाकीचा वाचतो. समुद्रात मध्ये व्हॉल्व्ह नाहीत. एका ठिकाणी फुटली की हजार-बाराशे किलोमीटरचा सगळा साठा तिथून बाहेर. २०२५ च्या सुरुवातीला प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाने हा मिथेन सुमारे ४,६५,००० टन धरला. एका घटनेतून झालेली मिथेनची एवढी मोठी गळती आजवर नोंदलेली नाही. पण दुसरी बाजूही लिही: जगात माणूस वर्षभरात जेवढा मिथेन सोडतो त्याचा हा सुमारे हजारावा हिस्सा. बाकीचे नऊशे नव्याण्णव हिस्से रोजच्या रोज, स्फोट न होता निघतात, विहिरींतून, खाणींतून, कचऱ्यातून, गोठ्यांतून आणि हो, आमच्या लाइनींच्या सांध्यांतूनही.

पंधरा वर्षं ज्या अहवालांवर वाद झाला त्यांत सुरुंग, गाळ, सील, मासेमारीची जाळी यांची जाडजूड प्रकरणं होती. पर्यावरणाचं सगळ्यात मोठं नुकसान झालं ते ज्या कारणाने, त्यासाठी फॉर्मवर रकाना नव्हता. म्हणून तुझा ‘खरं की सोंग’ हा प्रश्न मला थोडा बदलावासा वाटतो. राजकीय हरकतीला बोलायला जागा न दिल्याने ती नाहीशी होत नाही. ती पर्यावरणाच्या फाइलीत शिरते, तिथे खऱ्या हरकतींनाही संशयित करून सोडते आणि मग एखाद्या रात्री दुसऱ्याच मार्गाने बाहेर येते.

आता आपली ‘तापी’. आधी गंमत सांगतो. तुर्कमेनिस्तान, अफगाणिस्तान, पाकिस्तान, इंडिया यांची आद्याक्षरं म्हणून ते नाव. पण हजिरा तापी नदीच्या मुखाशी आहे आणि देशातली पहिली मोठी वायुवाहिनी, हजिरा-विजयपूर-जगदीशपूर, तिथूनच निघते. त्यामुळे मीटिंगमध्ये कुणी ‘तापी लाइन’ म्हटलं की आमचा मुकादम नदीचं क्रॉसिंग समजायचा.

ही तापी १,८१४ किलोमीटरची, गल्किनिश वायुक्षेत्रापासून हेरात, कंदाहार, क्वेट्टा, मुलतान करत पंजाबातल्या फाजिल्कापर्यंत. वर्षाला ३३ अब्ज घनमीटर. डिसेंबर २०१५ मध्ये तुर्कमेनिस्तानात मारी इथे पहिला पाइप जोडला, आपले उपराष्ट्रपती हमीद अन्सारी हजर होते. सप्टेंबर २०२४ मध्ये तुर्कमेन सीमेपासून हेरातपर्यंतच्या टप्प्याचं काम पुन्हा सुरू झालं. फाजिल्का अजून लांब आहे. त्याआधीची इराण-पाकिस्तान-भारत लाइन आठव: मणिशंकर अय्यर पेट्रोलियम मंत्री असताना केवढा उत्साह होता. मग किंमत, पाकिस्तानला द्यायचं वहनशुल्क आणि अमेरिकेचा दबाव, यांत २००९ च्या सुमारास भारत बाजूला झाला. या दोन्ही लाइनींच्या चर्चेत पर्यावरणाचा शब्द किती वेळा ऐकलास? जवळजवळ नाहीच. कंदाहारच्या शेतकऱ्याला हरकत नसेल म्हणून नव्हे. त्याला २१ दिवस आणि सी.ए. साहेब नाहीत म्हणून.

लाइन आपल्या हद्दीत आली की मात्र हरकती येतील आणि त्या बहुतेक विहिरीच्या जातीच्या असतील. कोची-बंगळुरू-मंगळुरू लाइनीच्या वेळी तमिळनाडूच्या पश्चिमेकडच्या सात जिल्ह्यांतले शेतकरी म्हणत होते, शेतातून नको, महामार्गाच्या कडेने न्या. राज्य सरकारने २०१३ मध्ये तसाच आदेश काढला. माझ्या कसोटीवर ही शंभर टक्के खरी हरकत. तरी फेब्रुवारी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ती लाइन टाकणारी सरकारी कंपनी ‘गेल’ जिंकली, कारण १९६२ चा कायदा केंद्राचा आहे, मार्ग बदलायचा अधिकार राज्याला नाही. म्हणजे कसोटीने हरकत ओळखता येते, जिंकता येत नाही. आणि भीतीही हवेतली नव्हती. जून २०१४ मध्ये आंध्रातल्या नगरम गावात गंजलेली वायुवाहिनी फुटली, वीसहून जास्त माणसं जळून गेली. त्या बातमीनंतर आमच्या ऑफिसात दोन दिवस कुणी मोठ्याने बोललं नाही.

लाइनी आल्या नाहीत म्हणून बडोद्याच्या चुली विझल्या नाहीत. २००४ पासून दहेज बंदरात कतारचा द्रवरूप वायू जहाजाने येतो, उणे १६२ अंशांपर्यंत थंड करून सहाशेपटीने आकसलेला. त्यात व्हॉल्व्ह कुणा शेजाऱ्याच्या हातात नाही, जहाज वळवता येतं, म्हणून दिल्लीला तो आवडतो. पण थंड करण्यातच सुमारे दहावा हिस्सा वायू खर्ची पडतो आणि ते जहाज होर्मुझच्या सामुद्रधुनीतूनच यावं लागतं. तिथे सरकवायला बारा मीटर काय, बारा सेंटिमीटरही नाहीत.

निबंधासाठी दोनच कागद आधी शेजारी शेजारी ठेवून वाच: कलम ७९ आणि डेन्मार्कचं ऑक्टोबर २०१९ चं परवानगीपत्र. परवानगीपत्रात राजकारणाचा शब्द कुठे सापडतो का ते शोध. मग मार्गाचा नकाशा बघ. रविवारी सकाळी मी कमाटीबागेत असतो, बँडस्टँडच्या बाजूला. काही अडलं तर तिथे ये, नकाशा घेऊन.